मुळाशी कुरळे, टोकाशी सरळ: लग्नाच्या दिवशी अशा केसांचं काय करायचं

माझ्या भाच्याचं लग्न जूनमध्ये अटलांटाला झालं. मुलगी तिथलीच, आफ्रिकन-अमेरिकन घरातली. मी ठाण्यात गेली पंचवीस वर्षं नवऱ्या मुलींचे केस करते, त्यामुळे भाच्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, मराठी विधींच्या वेळचे तिचे केस तूच बघ." लग्नाच्या सहा महिने आधी व्हिडिओ कॉलवर मी तिचे केस पाहिले. मुळाशी तीन बोटं गच्च, स्प्रिंगसारखे कुरळे केस आणि त्यांच्याखाली खांद्यापर्यंत एकदम सरळ, विरळ टोकं. जणू दोन वेगळ्या बायकांचे केस एकाच डोक्यावर. "मावशी, मी ट्रान्झिशनिंग करतेय," ती म्हणाली.

तिची अटलांटातली हेअरस्टायलिस्ट अशाच केसांवर आयुष्यभर काम करत आली आहे. पुढच्या सहा महिन्यांत त्या दोघींनी मला जे शिकवलं, ते इथे सांगते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आता आपल्याही घरांत अशा सुना येताहेत. शिवाय रीबाँडिंग सोडून स्वतःच्या कुरळ्या केसांकडे परत निघालेल्या आपल्याकडच्या मुलींनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करणारं क्रीम. ते लावणं थांबवलं की मुळातून येणारा नवा केस आपल्या जन्मजात वळणाचा येतो, पण आधी सरळ केलेला भाग सरळच राहतो. तो सगळा एकदम कापून टाकला तर त्याला तिकडे ‘बिग चॉप’ म्हणतात. मग डोक्यावर थोडेसेच केस उरतात. इतके आखूड केस ज्यांना नको असतात, त्या नवे वाढू देतात आणि जुने थोडे थोडे कापत जातात. हाच तो ट्रान्झिशनिंगचा काळ. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आफ्रिकी वळणाचे तर त्याहूनही थोडे कमी, म्हणून हा काळ वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही चालतो. त्यात कुरळा केस आकसून बसतो. आमच्या मुलीची बट ओढून धरली की वाढ दहा-बारा सेंटिमीटर दिसायची, सोडली की पुन्हा तीन बोटं. "एवढे महिने झाले, तरी वाढतच नाहीत," असं कुणी म्हणालं तर आधी ओढून मोजायला सांगा.

ती नऊ वर्षांची असताना आईनं स्वयंपाकघरात बसवून तिला पहिल्यांदा रिलॅक्सर लावलं होतं. यात आईचा दोष काढू नये. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या केसांवर इतरांनी सत्ता गाजवण्याचा इतिहास फार जुना आहे. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं, एस्तेबान मिरोनं, कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्याखाली झाकलेच पाहिजेत असा हुकूम काढला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचा कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन यानं केस सरळ करणारं क्रीम विकायला सुरुवात केली. याच माणसाला पुढे १९२३ मध्ये वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट मिळालं. नोकरी टिकावी, शाळेत मुलीला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून आया मुलींचे केस सरळ करत राहिल्या. नैसर्गिक केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही असा ‘क्राउन अ‍ॅक्ट’ करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१९ मध्ये. म्हणून लग्नाच्या दिवशी स्वतःच्या केसांत उभं राहायचं एखाद्या मुलीनं ठरवलं, तर ती तिची हौस आहे असं समजून सोडून देऊ नका. आमच्या मुलीनं साखरपुड्याच्या आधीच ते ठरवलं होतं.

आता केसाच्या आत काय चालतं ते पाहू. हे समजलं की पुढचं आपोआप सुचत जातं.

केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हेच्या गाठींनी बांधलेल्या असतात असं समजा. एक गाठ कच्ची, पाण्यानं सुटते आणि वाळली की पुन्हा बसते. हा हायड्रोजनचा बंध. शाळेत असताना ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा यायच्या, त्या याच गाठीमुळे. आणि डोकं पुन्हा भिजलं की लाटा जायच्या, तेही हिच्यामुळेच. दुसरी गाठ गंधकाची, ती पक्की. केस जन्मतः कुरळा की सरळ, याचा आकार ती धरून ठेवते. पाणी किंवा साधी ऊब तिला हलवू शकत नाही. रिलॅक्सर तिलाच तोडतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, किंवा त्याच्याच जातीचं दुसरं तीव्र अल्कली असतं. एकदा तुटलेली ती गाठ पूर्वीसारखी बसत नाही. म्हणूनच कुठलंही तेल, कुठलाही मास्क सरळ केलेल्या टोकांना त्यांचं मूळ वळण परत देऊ शकत नाही. तसा दावा करणारी बाटली दुकानातच ठेवून या.

आपल्या पार्लरमधल्या बहिणींसाठी इथेच एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या रीबाँडिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट असतं, तिकडच्या रिलॅक्सरमध्ये हायड्रॉक्साइड. दोन्हींचं काम केस सरळ करण्याचं असलं तरी रसायनं एकमेकांच्या वैरातली आहेत. एकावर दुसरं लागलं तर केस हातात येतात. अशी मुलगी समोर बसली तर आधी काय लावलं होतं ते विचारल्याशिवाय क्रीमच्या डब्याला हात लावू नका.

आता तो जोड, जिथे कुरळा नवा केस संपतो आणि सरळ जुना सुरू होतो. आफ्रिकी वळणाचा केस आडवा कापून पाहिला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि वाढताना पिळत जातो. प्रत्येक पिळाशी तो थोडा नाजूक असतो. टाळूतलं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून केस कोरडाही राहतो. त्याच्या पुढे रसायनानं कमजोर झालेला सरळ केस. पाण्यात दोघं वेगवेगळे फुगतात, ओढले की वेगवेगळे ताणले जातात, आणि सगळा ताण जोडावर येतो. केस तुटतो तो बहुधा तिथेच. म्हणून अशा केसांना कोरडा कंगवा लावायचा नाही. भरपूर कंडिशनर लावायचं, आठ-दहा भाग करायचे, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्यानं टोकांपासून वर यायचं. मुळापासून खाली ओढण्याची आपली सवय इथे अगदी सोडावी लागते. मला ती सोडायला दोन दिवस लागले.

धुण्याआधी खोबरेल लावायला मात्र तिच्या हेअरस्टायलिस्टनंच सांगितलं. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांना ते जमलं नाही. आपल्या आज्यांचं तेल असं अटलांटाच्या सलूनमध्ये भेटलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता मुख्य प्रश्न. अशा केसांना लग्नाच्या दिवशी एकसारखं कसं दिसू द्यायचं?

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो मुळं सरळ करण्याचा. टोकं सरळ आहेतच, वरच्या चार बोटांवर मशीन फिरवली की झालं. तिच्या एका काकूंनी तेच सुचवलं होतं. माझं मत याच्या साफ विरुद्ध आहे. मशीननं केलेला सरळपणा कच्च्या गाठीवर उभा असतो. अटलांटाचा जून म्हणजे आपल्या कोकणातला मेअखेर, हवेतच पाणी. त्यात घाम, आपल्या विधींमधला होमाचा धूर आणि नाच. दोन तासांत मुळं पुन्हा आकसतील, टोकं मात्र सरळच राहतील, आणि फोटोत तो जोड डोळ्यात भरेल. तो थोपवायला उष्णता वाढवली तर दुसरं संकट. सरळ करायची मशीन सहज २०० अंशांच्या पुढे जाते, आणि एवढ्या उष्णतेत कधी कधी नव्या केसाचं वळण कायमचंच सैल होतं. रिलॅक्सर सोडल्यापासूनची चौदा महिन्यांची वाट पाहणं एका सकाळीत वाया जातं.

"मग लग्नापुरतं एकदा रिलॅक्सरच लावून घे," हा सल्लाही तिला मिळाला. क्रीम जोडावर पुन्हा चढलं की तिथले केस तुटण्याची भीती असते. शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेत ३३,००० हून जास्त बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. वयाच्या सत्तरीपर्यंतचा धोका न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यातून रसायनामुळेच कर्करोग झाला असं सिद्ध होत नाही आणि एकूण धोका कमीच आहे. पण ज्या मुलीनं ते विचारपूर्वक सोडलंय, तिला पुन्हा त्यात ढकलू नये.

म्हणून उलट करायचं. मुळांना टोकांसारखं न करता टोकांना मुळांसारखं करायचं. सरळ टोकं गुंडाळून वाळवली तर कुरळी होतात, आणि हवेनं थोडी सैल झाली तरी वरच्या कुरळ्या केसांत मिसळून जातात. हवा इथे आपल्या विरुद्ध जात नाही.

याची एक पद्धत अशी. केस धुऊन, खोल कंडिशनिंग करून, ओले असतानाच छोट्या बटा करायच्या. प्रत्येक बटेचे दोन पेड करून ते एकमेकांभोवती पिळत न्यायचे. जोडापर्यंत आलं की उरलेलं सरळ टोक बारीक कांडीवर गुंडाळायचं. नुसतं पिळून सोडलं तर टोक सुटतं आणि उंदराच्या शेपटीसारखं लोंबतं, म्हणून कांडी हवीच. कांडीची जाडी मुलीच्या मुळाशी असलेल्या वळणाएवढी निवडायची. पिळताना फेसाचं किंवा पातळ सेटिंग लोशन लावायचं, जाड क्रीम नको, वाळायला वेळ लागतो. मग पूर्ण वाळवायचं. ‘पूर्ण’ या शब्दावर माझा जोर आहे. बट बाहेरून कोरडी लागते पण पिळाच्या पोटात ओल असते. ती असताना सोडली तर कच्ची गाठ बसलेलीच नसते आणि सगळं पिंजारतं. डोक्यावरच्या मोठ्या ड्रायरखाली दीड-दोन तास बसायचं, नाहीतर आदल्या दुपारी करून रात्रभर ठेवायचं, वर सॅटिनचा रुमाल. सुती अभ्रा ओल आणि तेल दोन्ही शोषून घेतो, शिवाय घासतो. सोडताना बोटांना किंचित तेल लावून, गुंडाळलं होतं त्याच्या उलट दिशेनं, सावकाश.

ही रचना मोकळे केस ठेवायला सुंदर. पण माझ्या दृष्टीनं या काळासाठी सगळ्यात भरवशाची रचना म्हणजे टोकं लपवणारी. कपाळापासून आणि मानेपासून डोक्याला चिकटून सपाट पीळ किंवा बारीक वेण्या घालत वर आणायच्या आणि टाळूच्या मागे अंबाडा. सरळ टोकं अंबाड्याच्या पोटात जातात. दिसतात ती फक्त तिच्या स्वतःच्या केसांची वळणं, तीही नक्षीसारखी. अंबाडा भरीव दिसायला तिच्याच वळणाशी जुळणारे जोडकेस लागतात. आपण खोप्याला स्टफिंग घालतो तसंच.

जोडकेसांवरून एक सांगायलाच हवं. जगभर जे खऱ्या केसांचे टोप आणि जोडकेस विकले जातात, त्यांत तिरुमलाच्या देवळात भक्तांनी अर्पण केलेले केसही असतात. देवस्थान ते लिलावानं विकतं. सुनेनं हे ऐकलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे कुणाचा तरी नवस माझ्या आईच्या डोक्यावर होता." ते केस बहुधा सरळ किंवा लाटांचे असतात, म्हणून तिच्या अंबाड्यासाठी आम्ही वेगळे, कुरळे पोत दिलेले घेतले. पूर्ण टोप किंवा शिवलेले जोडकेस घालणं हाही सभ्य आणि सोयीचा मार्ग आहे. त्यात कुणी कमीपणा मानू नये. खालचे केस बारीक वेण्यांत सुरक्षित राहतात.

यात धोका एकच, ओढण्याचा. कपाळाच्या कडेचे केस मुळातच कोवळे असतात. वेणी इतकी घट्ट की भुवया वर चढल्या, टाळूवर बारीक पुटकुळ्या आल्या, रात्री झोप लागेना, तर ती सैल करायची. सतत ओढ बसली तर तिथले केस जातात आणि कधी कधी परतच येत नाहीत. "थोडं दुखणारच, नवरी आहेस" हे वाक्य मीही पूर्वी बोलले आहे. आता बोलत नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते मागून मोजायचं. सहा महिने आधीपासून दर सहा-आठ आठवड्यांनी टोकं थोडी कापायची. म्हणजे लग्नापर्यंत सरळ भाग जितका कमी तितका बरा, आणि फाटे फुटलेले केसही जातात. दोन महिने आधी पूर्ण तालीम, नुसती रचना करून फोटो काढण्यापुरती नाही. ती रचना दिवसभर डोक्यावर ठेवून, दमट हवेत फिरून, नाचून पाहायची आणि रात्री परत फोटो काढायचा. आमच्या पहिल्या तालमीत मोकळे कुरळे केस संध्याकाळपर्यंत निम्म्या लांबीचे झाले. तेव्हाच अंबाडा ठरला. शेवटच्या तीन आठवड्यांत कुठलंही नवं क्रीम नाही. धुणं आणि कंडिशनिंग दोन दिवस आधी, सपाट पीळ आदल्या दिवशी, म्हणजे ताण थोडा उतरतो आणि सकाळी फक्त अंबाडा आणि सजावट उरते.

आणि आपले विधी! याचं उत्तर अटलांटातल्या कुणाकडेच नव्हतं, ते मलाच शोधावं लागलं.

हळद पहिली. रसायन लागलेलं टोक सच्छिद्र असतं, रंग पटकन पितं. आंब्याच्या पानानं डोक्याला तेल-हळद लावली की टोकं पिवळी होणार आणि सहज निघणार नाहीत. आम्ही हळदीला तिचे केस सॅटिनच्या रुमालात घट्ट बांधले आणि वर पिवळी ओढणी. सगळ्यांनी पाय, गुडघे, खांदे, गालांना हळद लावली, डोक्याला फक्त पान टेकवलं. कुणाचंही मन मोडलं नाही.

मुंडावळ्या कपाळावरून जातात, त्यांची दोरी मागे केसांवर बांधली जाते आणि सगळा ताण नेमका त्या कोवळ्या कडेवर. मी दोरी केसांना न बांधता कानामागच्या दोन सपाट पिळांतून यू-पिनांनी अडकवली. सकाळी दहापासून जेवणापर्यंत हलली नाही. गजऱ्याची गोष्ट मला स्वतःलाही नवी होती. आपण गजरा ओल्या फडक्यात ठेवतो, पाणी शिंपडून माळतो. तेच पाणी पिळांत उतरलं की कच्च्या गाठी सुटतात. म्हणून गजरे आधी तासभर कोरड्या कापडावर पसरले आणि फक्त अंबाड्याच्या बुडाशी माळले, जिथे जोडकेस होते.

मंगलाष्टकं संपली तेव्हा तिच्या पिळांच्या रेघांत अक्षता अडकून बसल्या होत्या. आमच्या सरळ केसांवरून त्या घरंगळून जातात. आशीर्वाद द्यायला, कौतुकानं चाचपायला हात पुढे येणार हे मला माहीत होतं, म्हणून घरच्या बायकांना आधीच सांगितलं होतं, की न विचारता तिच्या केसांना हात लावायचा नाही. तिकडे अनोळखी माणसं असे केस प्राण्याला कुरवाळावं तसे हाताळत आली आहेत, आणि ते फार दुखावणारं असतं. आमच्या वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवून आशीर्वाद दिला.

संध्याकाळी त्यांच्या पद्धतीचं लग्न झालं. गजरे काढले आणि त्याच अंबाड्यावर व्हेल, म्हणजे त्यांच्याकडच्या नवरीची जाळीदार ओढणी, लावलं. व्हेलच्या कंगव्याला दात रुतवायला घट्ट पाया लागतो, तो सकाळच्या सपाट पिळांनीच दिला. मग दोघांनी हात धरून झाडूवरून उडी मारली. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांची लग्नं कायदा मानत नव्हता, तेव्हा आपलं लग्न आपणच जाहीर करण्याची ही रीत होती. तिची आजी पहिल्या रांगेत रडत होती.

रात्री एक वाजता खोलीत बसून मी एकेक पिन काढली. त्याच रात्री काढणं गरजेचं, कारण दमलेली नवरी तशीच झोपली तर पिना रुततात आणि जोडावर गुंता होतो. बोटांना खोबरेल लावून टोकांकडून सोडत गेले. शेवटच्या पिळातून तांदळाचे चार-पाच दाणे निघाले. ते तिनं रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेवले.